आत दुमडलेला अंगठा

१२ मे १९९६, रविवार

मराठी बोलायला इथं कुणी नाही, म्हणून लिहायला काढलं. सहावीत शाळा सोडली तवापासून पेन धरलं ते फक्त पगाराच्या सहीला. ही डायरी शंकरराव शेठनी दिलेली, वर त्यांच्याच वर्कशॉपचं नाव आहे. शिरूरला त्यांच्याकडं ऊस पिळायचे चरक बनतात. त्यातला एक चरक आणि एक डिझेल इंजिन समुद्रापलीकडं सुमात्रा नावाच्या बेटावर, डोंगरातल्या एका खेड्यात पोचलं, आणि त्याच्यामागं मी. चरक बसवायचा, चालवून दाखवायचा, इथल्या माणसांना शिकवायचं आणि घरी यायचं. इथला चरक नीट चालला तर तसाच एक शेठ मला देणार, माझ्या स्वतःच्या गुऱ्हाळासाठी.

गुऱ्हाळाची जागा ठरलेली आहे. पाटसला हायवेला लागून आज्याचा दीड एकराचा तुकडा. मधे अडचण एकच. बा गेल्यावर उताऱ्यावर तीन नावं लागली, दादाचं, माझं आणि ताईबाईचं. ताईनं हक्कसोडीवर अंगठा दिला की मोकळं. सगळ्यांच्या बहिणी देतात, तिच्यात काय एवढं. पण ती अडून बसलीय.

गावाचं नाव बातू तालांग. घरांची छपरं दोन्ही टोकांना अशी वर गेलेली, की लांबून खिल्लारी बैल ओळीनं उभे आहेत असं वाटलं. वर उतारावर ऊस, खाली पायऱ्या पायऱ्यांची भाताची खाचरं. मे महिन्यात स्वेटर घालून बसलोय. रस्त्यावर दालचिनीच्या साली वाळत घातलेल्या, त्याच्यावरून कोंबड्या फिरतात. कॉफीची झाडं दारादारात आहेत, आणि मला प्यायला काय दिलं, तर कॉफीचा पाला उकळून, नारळाच्या करवंटीत. बिया विकायला आणि पाला पाव्हण्याला. ध्यानात ठेवलं.

१५ मे

ज्या बाईच्या उसात चरक बसवायचाय, तिचं नाव रोस. वय पन्नाशीचं असंल. तिची एक पोरगी, यंती, शेवटच्या वर्गात शिकते. त्यांच्या अंगणातल्या खोपीत मी झोपतो. जेवण रोसबाई आणून देते.

आज एक गोष्ट दिसली. माझी कढई वेगळी आहे. त्यांची कढई चुलीवर, आणि माझी बाजूला खुंटीला टांगलेली, राखेनं घासलेली, तिला दुसरं कुणी हात लावत नाही. माझं ताट वेगळं, माझा पेला वेगळा. आज्या सांगायचा, त्याला चहा कुठल्या कपात मिळायचा आणि तो कप कुठं ठेवलेला असायचा. ते ऐकतच वाढलो. पण इतक्या लांब, समुद्र ओलांडून, यांना माझी जात कुणी सांगितली? घरातून मसाल्याच्या मांसाचा वास येतो आणि मला रोज मिरचीत परतलेलं वांगं.

रुस्लानला विचारणार होतो, पण राहिलं. रुस्लान म्हणजे पडांग शहरातल्या व्यापाऱ्याचा माणूस. चरक मागवला तो व्यापारी, आणि इथलं सगळं बघतो तो रुस्लान. मलेशियात एका पंजाबी गॅरेजात होता, म्हणून मोडकं हिंदी बोलतो. तो आहे म्हणून मला काही कळतं.

दुसरी गोष्ट. रोज पहाटे एक म्हातारा येतो. काळा रुमाल डोक्याला, चपला हातात. त्याला दातुक म्हणतात. उसात फिरतो, खाचरात उतरतो, कुणी काय करायचं सांगतो, दुपारी जेवतो आणि संध्याकाळी दुसऱ्याच घरी जातो.

रुस्लान म्हणाला, "वो घर उसका औरत का है. ये घर उसका बहन का. वो लड़की का मामक है."

मी म्हणलं, "मामा?"

"हाँ हाँ, मामा. मालिक नहीं है, फिर भी मालिक है."

"मग जमीन कुणाची?"

"औरत का. इधर सब औरत का. माँ से बेटी. मर्द लोग बाहर जाता है कमाने. जैसे तुम आया."

मी हसलो. जमीन बाईची असंल तर म्हातारा रोज पहाटे बहिणीच्या शेतात राबायला कशाला येतो? फुकट कोण राबतं? काहीतरी नेत असणार. हातात पिशवी नसते हे खरं. पण पिशवीत न मावणारं नेत असंल. आपल्याकडं कुणाला फसवलं की म्हणतात त्याचा मामा केला. इथं मामाच करतोय बहुतेक.

१९ मे, रविवार

खालच्या बाजारगावात गेलो. आपल्या एसटीडी बूथसारखी दुकानं आहेत. पाटसला बूथवर दादाला बोलवून ठेवलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी म्हणून ताई माहेरी आलेली, तिलाही आणलं होतं.

दादा म्हणाला, "जय भीम. आरं मोठ्यानं बोल, समुद्राचा आवाज येतोय."

"समुद्र लांब हाय, दादा. इथं डोंगर हायेत."

"बरं. ही काय ऐकंना बघ. म्हणती, संपाला, म्हंजी तुला, इचारल्याबिगर न्हाई. शाळा उघडायच्या आत उरकाया पायजे. एकदा शिरूरला गेली की दाजी काय शिकवून ठिवतील, सांगता येत न्हाई."

मग ताई आली. आधी जेवतोस का, मग थंडी वाजती का, मग तिची पोरगी मोनाली विचारती तिकडं हत्ती हायेत का. मीटर पळतोय आणि हिचे हत्ती.

मी म्हणलं, "ताई, अंगठा दिऊन टाक."

"तू म्हनतोस?"

"मीच म्हनतोय. तुला काय करायची ती जागा? तू ऱ्हाती शिरूरला. आन् आम्ही दोघं भाऊ तुझ्यावर रुसलो तर पुढल्या उन्हाळ्यात कुनाच्या दारात येशील?"

मला वाटलं लाईन कटली.

"हाईस का?"

"हाय," ती म्हणाली. "बगते."

बगते म्हणली म्हणजे देणार. माझं ती मोडत नाही. आई गेली तवा मी रांगत होतो, मला कडेवर घेऊनच ती कारखान्याच्या उसात तोडीला जायची. तिच्याशी कसं बोलायचं ते मला बरोबर कळतं. दादाला नाही जमत. परत येताना अंगात हलकं वाटत होतं.

२३ मे

चरक अजून रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली. वर न्यायला आठ माणसं लागतील. मागितली तर सगळे हसून मान हलवतात. हसणारी माणसं मला चालत नाहीत.

गुळाला इथं साका म्हणतात. पहिला शब्द तोच शिकलो. आज उताराकडं हात करून रोसबाईला म्हणलं, चरक इथं. ती मान हलवून म्हणाली, पुसाको, पुसाको. पु कशाला लावला कळलं नाही, पण साका कळलं. आम्ही गूळ देणार नाही म्हणत असणार. म्हातारा शिकवून ठेवतोय.

रुस्लाननं करार सांगितला. व्यापारी आधी एक पैसा घेणार नाही. चरक जिथं बसंल तो सगळा उतार त्याच्याकडं गहाण. गुळातून फिटलं की परत. किती गुळात फिटणार ते रुस्लान बोलला नाही, मी पण विचारलं नाही. माझं काम चरक बसवायचं.

"बुड्ढा नहीं मानता," तो म्हणाला. "उसको अपना हिस्सा चाहिए."

हे ऐकून बरं वाटलं. वाटा मागणारा माणूस कळतो. न मागणाराच कळत नाही.

इथं अजून लाकडी घाणा आहे. रेडा गोल फिरतो. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर करवंट्या बांधतात, आपल्याकडं घाण्याच्या बैलाला झापड लावतात तसं. कुणी नव्हतं तवा एक करवंटी सोडून बघितली. रेडा जागीच थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला. परत बांधली.

२९ मे, बुधवार

आज दातुक मला जनावरांच्या बाजारात घेऊन गेला. का नेलं माहीत नाही.

तिथं जाऊन बघतो तर अगदी आपला बैलबाजार. म्हशी, रेडे, शेणाचा वास, आणि सौदा सगळा मुक्यानं. घेणारा आणि विकणारा हात हातात देतात, वर कापड टाकतात, आणि आत बोटं बोलतात. बा असाच रुमालाखाली बोटं धरायचा. बघणाऱ्याला भाव कळता कामा नये. मी दातुकच्या शेजारी उभा राहून त्याच्या दंडाच्या शिरा बघत होतो. तीन सौदे त्यानं दुसऱ्यांचे जमवून दिले. कुणाचा चेहरा हलला नाही.

मग गंमत म्हणून मी हात पुढं केला. त्यानं खांद्यावरचं कापड वर टाकलं. मी त्याची दोन बोटं दाबली. त्यानं माझं एक दाबलं आणि दुसरं अर्ध्यावर मोडलं. दीड. मी खदाखदा हसलो, तो पण हसला. त्याचे पुढचे दात नाहीत. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणाशी धड बोलल्यासारखं वाटलं.

येताना विचार केला. हा माणूस पक्का दलाल आहे. ज्याची बोटं एवढी चालतात तो बहिणीच्या घरी पहाटे उगाच येत नाही.

५ जून, बुधवार

मोठ्या घरात बैठक झाली. खाली चटया टाकलेल्या. रोसबाई, तिच्या दोन बहिणी, एक अगदी म्हातारी, यंती दाराशी, दातुक खांबाला टेकून, आणि समोर रुस्लान कागद घेऊन. मी उंबऱ्यात. पाल्याची कॉफी फिरली, करवंट्यांतून.

रुस्लान बराच वेळ बोलला, गोड आवाजात. बायका आळीपाळीनं बोलल्या. म्हातारी तर कॉफी पिता पिता बोलली आणि सगळे ऐकत राहिले. शेवटी दातुकनं हात वर केला. चार बोटं ताठ, अंगठा आत दुमडलेला. एक एक बोट धरून काहीतरी सांगितलं, मग परत चार दाखवली. रोसबाईनं मान डोलावली. यंती खाली बघून हसली. रुस्लानचं तोंड उतरलं.

मला बाजार आठवला. चार. म्हाताऱ्यानं भाव सांगितला.

बाहेर आल्यावर रुस्लानला विचारलं, "चार?"

तो बुटाची नाडी ओढत म्हणाला, "चार. बुड्ढा चार के सिवा कुछ बोलता ही नहीं."

चार लाख का चाळीस लाख, इथल्या पैशाचं मला कळत नाही. पण समजलं. बहिणीची जमीन बहिणीसमोर, भाचीसमोर, चार बोटांवर विकली, आणि त्या बायका मान डोलावतायत. बाजारात निदान कापड तरी टाकतात.

६ जून

माझ्याच्यानं राहवलं नाही. असंही वाटलं, की म्हाताऱ्याला बाजूला केलं तर बाईशी थेट बोलता येईल आणि चरक लवकर बसंल. रोसबाई जेवण घेऊन आली तवा म्हणलं, दातुक पंचुरी. पंचुरी म्हणजे चोर. शब्द रुस्लानच्याच तोंडून शिकलेला.

ती ताट हातात धरून उभी राहिली. परत म्हणलं, दातुक पंचुरी, आणि चार बोटं दाखवली.

ताट खाली ठेवलं आणि गेली. तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

७ जून

कुणी आलं नाही. पहाटे दातुक उसात जाताना माझ्या खोपीपाशी थांबला, आत बघितलं आणि पुढं गेला. कोयता होता हातात. मी दाराला आतून इंजिनाचा हँडल लावून बसलो. जेवण मात्र दारात आलं होतं. वांगंच. खाऊ का नको करत शेवटी खाल्लं. काही झालं नाही.

८ जून, शनिवार

यंती आली. शाळेतलं थोडं इंग्रजी तिला येतं, मला कारखान्यातलं येतं, बाकी हातवारे. म्हणाली, मामकनं पाठवलंय. पाव्हण्यानं बाजारात बोट चुकीचं धरलं तर परत धरून दाखवायचं असतं, असं म्हणाला म्हणे. आणि मी त्याला चोर म्हणलो हे ऐकून तो आधी हसला आणि मग जेवला नाही.

मग तिनं चार बोटं वर केली, तशीच, अंगठा आत घालून.

पहिलं बोट धरलं आणि छपराकडं बघून टप टप टप असा आवाज केला, अंगावर पाणी पडल्यासारखी सरकली. घर गळतंय.

दुसरं बोट. ओढणी डोक्यावरून पुढं घेतली, नवरीसारखी मान खाली, मग स्वतःलाच हसू आलं. घरात लग्नाची पोरगी आहे आणि लग्नाला काही नाही.

तिसऱ्याला सरळ खोपीतल्या जमिनीवर आडवी झाली, डोळे मिटले, हात छातीवर. मी घाबरलो. एक डोळा उघडून बघितलं तिनं, कळलं का म्हणून. घरात मढं आहे आणि माती द्यायची आहे.

चौथ्याला माझा टॉवेल घेऊन मामाच्या रुमालासारखा डोक्याला गुंडाळला आणि छाती पुढं काढून बसली. घराण्याचा कारभारी, म्हणजे दातुक, गेला, त्याचा मान तसाच पडून आहे, नवा बसवायचा आहे.

ही चार कारणं असतील तर आईकडून आलेली जमीन गहाण पडते. तीसुद्धा घरातल्या सगळ्या बायकांनी हो म्हणलं तरच. नाहीतर नाही. पुसाको म्हणजे तीच जमीन. साकाशी, गुळाशी, काही संबंध नाही.

मी म्हणलं, "मशीन?"

तिनं चारही बोटं एकेक करून बघितली, कुठं लपलंय का अशी. मग मान हलवली. अंगठ्याकडं बोट केलं आणि तो अजून आत दाबला.

मी विचारलं, मग दातुकला काय मिळतं? तिला कळलं नाही. वेगळ्या तऱ्हेनं विचारलं, पैशाची खूण करून. तरी कळलं नाही. म्हणाली, तो मामक आहे. मी म्हणलं, ते कळलं, पण त्याला काय मिळतं? ती म्हणाली, तो मामक आहे.

जाताना कढईचं पण विचारून घेतलं. तर रुस्लाननं सांगितलेलं, इंडियातली माणसं मांस शिजलेल्या भांड्यातलं खात नाहीत, गाईचं तर नावच नको. म्हणून रोसबाईनं नवी कढई विकत आणली आणि रोज राखेनं घासते. मी म्हणलं, मला सगळं चालतं. यंती धावत घरात गेली. आतून बायकांचं हसणं ऐकू आलं, बराच वेळ.

संध्याकाळी तिखट मांस आलं, त्यांच्या कढईतलं. डोळ्यांत पाणी आलं. मिरची फार होती.

१३ जून, गुरुवार

दातुकनं चरकाला जागा दिली. रस्त्यालगत त्याची एक पट्टी आहे, तरुणपणी परगावी कमावून स्वतः घेतलेली. म्हणलं बघा, शेवटी आपल्याच जागेत घेतलं मशीन. पण चौकशी केली तर ऊसवाल्या सगळ्या घरांचा गूळ तिथं निघणार आणि त्यातूनच व्यापाऱ्याचं फिटणार. गहाण काही नाही. रुस्लान पडांगला जाऊन आला, व्यापारी कुरकुरत कबूल झाला. माझ्याशी रुस्लान बोलत नाही. आठ माणसं न बोलवता आली आणि चरक हलला.

तरी डोक्यात तेच. माणूस दुसऱ्याच्या जमिनीची राखण करतो आणि काही घेत नाही. असं असतंय का कुठं?

दुपारी पाया खणताना एकदम दादा आठवला. एवढी घाई कशाची त्याला? शाळा उघडायच्या आत, दाजींना कळायच्या आत. ताईचा वाटा सुटला तर तो दोघांना येणार का त्याला एकट्याला? मी तर इथं. शंकरराव शेठकडं माझं नाव कुणी सुचवलं? दादानंच. सहा महिने लांब पाठवून द्यायचं आणि मागं उरकून घ्यायचं. आत्ता आलं ध्यानात.

रविवारी खाली जाऊन फोन करतो. ताईला सांगतो, मी येईपर्यंत अंगठा देऊ नको. दादानं कितीही सांगितलं तरी नको.

१६ जून, रविवार

पाटसला लागला फोन. दादा आला.

"झालं की काम," तो म्हणाला. "बुधवारीच दौंडला निऊन आनली तिला. काय बोलली न्हाई. मुकाट्यानं दिला."

"कुनाच्या नावानं केलं?"

"कुनाच्या म्हंजी?"

"कागद कुनाच्या नावानं झाला, इचारतोय."

"दोघांच्या. तुझ्या आन् माझ्या. काय रं, कुणी काय भरवून दिलं का तुला?"

परत विचारलं. वाचून दाखवायला लावलं, कागद त्याच्या खिशात होता. संपत दगडोबा, असं माझं नाव पहिल्यांदा आलं, त्याचं नंतर. दादा चिडला. म्हणाला, "आरं तुझ्याच गुऱ्हाळासाठी पायपीट केली मी. माझं काय हाय तिथं? आन् तू वकिलासारखं इचारतोयस."

मी म्हणलं, "छप्पर गळत होतं का?"

"कसलं छप्पर?"

"काय न्हाई."

"तुला तिकडं काय खायला घालत्यात रं?"

दादानं काही खोटं केलेलं नाही. मला वाटलं होतं केलं असंल. तसं निघालं असतं तर काय करायचं ते माझं ठरलेलं होतं.

मग शिरूरला लावला, ताईच्या घराशेजारच्या किराणा दुकानात. तिला बोलवायला माणूस गेला, आधी मोनालीच पळत आली.

"मामा, हत्ती दिसला का?"

"न्हाई अजून. आई कुठंय?"

"येतीया. मामा, आईचा अंगठा अजून निळा हाय. साबणानं पन जाईना. मी घासून दिला, राखेनं पन घासला."

मग ताई आली, धापा टाकत.

"संपा, दिला बरं का रं. तू म्हनलास म्हनून दिला. दाजी बोलले मला, पन मी म्हनलं, माझा भाऊ काय सांगंल ते इचार करूनच सांगंल." मग म्हणाली, "आता पुढल्या उन्हाळ्यात यायचं ना मी?"

मी म्हणलं, "ये की."

"मोनालीला घिऊन?"

"घिऊन ये."

"न्हाई, इचारून ठिवलेलं बरं," ती म्हणाली.

मीटरवर आकडा पळत होता. मी धरून राहिलो. ती पण धरून राहिली. मग दुकानदारानं काहीतरी म्हणलं आणि तिनं ठेवला.

२२ जून

चरक चालू केला. पहिल्या हँडलला इंजिन धरलं नाही, दुसऱ्याला धरलं. धूर निघाला तशी पोरं ओरडली, रेडा कान हलवत लांब उभा होता, आज त्याच्या डोळ्यांवर काही बांधलेलं नव्हतं. रस धो धो आला. शंकरराव शेठना कळवायला पाहिजे. चरक मिळाला मला. जागा पण मिळाली.

रोसबाईनं सगळ्यांना पाल्याची कॉफी दिली, ताज्या काकवीची. आता ती मला आवडते. गोरे राज्य करायचे तवा बिया तेच घेऊन जायचे, गावाला पालाच उरायचा, तवापासून पितात म्हणे. यंतीनं सांगितलं.

दातुक शेजारी येऊन बसला. काहीतरी विचारलं. यंती म्हणाली, तुला बहिणीची मुलं आहेत का, विचारतोय.

मी म्हणलं, "एक पोरगी हाय. मोनाली."

हे ऐकून म्हातारा सरळ बसला. सगळ्यांकडं बघून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, मामक. बायका हसल्या, माना डोलावल्या. रोसबाई पण म्हणाली, मामक. बारकी पोरं ओरडायला लागली, मामक संपत, मामक संपत. मी इंजिनाचा आवाज बघायच्या निमित्तानं उठणार होतो, पण त्यानं हात धरला होता.

मग त्यानं बाजारातल्यासारखं खांद्यावरचं कापड काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. गंमत करतोय असं सगळ्यांना वाटलं. आत त्यानं माझं पहिलं बोट धरलं आणि सोडलं. दुसरं धरलं आणि सोडलं. तिसरं. चौथं. मग अंगठा शोधायला लागला.

मी तो आधीच आत दुमडून घेतला होता, घट्ट.

तो हसला, बिनदातांचं. त्याला वाटलं, पाव्हण्याला बरोबर कळलं.